बिनटिकेचं काम

आमच्या कॉलेजचे बिरादार सर चहा पिण्याआधी वहीत लिहितात, 'चहा पितो.' पिऊन झाला की पुढं टिक. कप अर्धा असताना प्राचार्यांनी बोलावलं तर टिक करायची राहते, आणि सर परत येऊन नवा कप मागवतात. "बिनटिकेचं काम झालंच न्हाई असं धरायचं, मॅडम," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. अर्धा चहा पोटात गेला त्याचं काय, हे विचारायची सोय नाही.

लातूरच्या आमच्या ऑफिसात ते कम्प्युटर सांभाळतात. रिटायर व्हायला दीड वर्ष उरलंय. लग्न केलं नाही. सख्खं म्हणून काय तो रेणापूरचा थोरला भाऊ, आणि त्याच्याशी बोअरच्या पाण्याच्या पाळीवरून दोन वर्षं अबोला. भावाच्या पोरीला यांनीच खांद्यावर खेळवलेलं. परवा तिच्या लग्नाची पत्रिका आली. सरांनी ती कीबोर्डखाली सारली आणि वहीत काहीच लिहिलं नाही. लग्न चार दिवसांवर. सर जातात की नाही, हीच ऑफिसात चर्चा.

त्यात काल प्रॅक्टिकलचे मार्क भरताना लाईट गेली आणि कम्प्युटरनं मान टाकली. परत चालू केला तर यादीत काही मार्क गायब, एका पोराचं नाव दोनदा. हेडक्लार्कना घाम फुटला. "सगळं पहिल्यापासून भरा आता."

"कशाला लई टेन्शन घेऊन राहिले, साहेब?" सरांनी वही पुढं ओढली. दहा पोरांचे मार्क भरायच्या आधी नोंद, भरून पेनड्राइव्हवर घेतले की टिक, अशी त्यांची रीत. "चाळीसपर्यंत टिक हाय. तिथवरचे पेनड्राइव्हवरून घ्या. म्होरचे पुसा."

"त्यातले चार-पाच बरोबर दिसतायत की," मी म्हणाले.

"पुसा. अर्धवट बरोबर लई घातक असतं."

अर्ध्या तासात यादी तयार झाली. माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणाले, "सर, दादाशी भांडायला गेला होतात, तेही वहीत असेलच ना?"

सरांचा चेहरा उतरला. उगाच बोलले असं मला झालं. पण ते उठले, कपाटातून जुनी वही काढली आणि माझ्यापुढं ठेवली.

"दोन वर्षं हे पान उघडलं न्हाई, मॅडम. टिक केली का न्हाई, ध्यानात न्हाई. भेव वाटतंय, केली असली तर?"

मीच पान शोधलं. 'रेणापूरला जातो. दादाशी संबंध तोडून येतो.' पुढं कोरं होतं.

सर चष्मा वर करून बघत राहिले. "वहिनीनं जेवायला वाढलं होतं," ते हळूच म्हणाले. "दादा बोलला, मी बोललो, अन् मलाच रडू आलं. ताट तसंच ठेवून निघालो. तोडायचं राहूनच गेलं बगा."

"म्हणजे तुमच्याच कायद्यानं भांडण झालंच नाही."

त्यांनी मान हलवली. मग चालू वही उघडून लिहिलं, 'पुतणीच्या लग्नाला जातो,' आणि लागलीच पुढं टिक केली.

"सर, अजून गेला कुठं?"

"हाव, गेलो न्हाई अजून," ते डोळे पुसत म्हणाले, "पर आता न जाऊन कसं चालंल?"