हरवलेल्या माणसाच्या पोस्टरची मांडणी

कोणतेही काम दुसऱ्यांनी कसे केले आहे हे आधी पाहावे, आणि पाहणे संपेपर्यंत ते सुरू करू नये, या तत्त्वावर आमची जाहिरात कचेरी उभी आहे. (मी तिथे टाचण्यांचा हिशेब ठेवतो.)

सोमवारी सकाळी एक बाई आल्या. त्यांचे वडील छापखान्यात चाळीस वर्षे अक्षरांचे खिळे जुळवून निवृत्त झालेले. शनिवारी फिरायला म्हणून बाहेर पडले ते परतलेच नव्हते. हल्ली त्यांना घरचा पत्ता आठवत नसे. अंगात तपकिरी स्वेटर, उजव्या कोपरावर निळे ठिगळ, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. चौकीत नोंद झाली होती. बाईंनी फोटो टेबलावर ठेवला.

"संध्याकाळपर्यंत पोस्टर मिळालं तर बरं होईल. त्यांना थंडी सोसत नाही हो."

मुख्य चित्रकारांनी फोटो उलटा करून कागदाचा पोत पाहिला. "पोस्टर काय, कोणीही करतं, ताई. आधी प्रेरणा सापडली पाहिजे."

शोध रीतसर सुरू झाला. पहिल्या दिवशी देशोदेशीची दोनशे बारा पोस्टरे भिंतीवर टाचली. (पैकी एकसष्ट साबणाची. साबण हरवत नाही, पण भोवती मोकळी जागा सुरेख सोडतो.) दुसऱ्या दिवशी 'हरवले आहेत' ही अक्षरे जाड असावीत की बारीक, यावर मतदान झाले. जाड अक्षरे आरडाओरडा करतात, असे एका पक्षाचे म्हणणे. बारीक अक्षरे कोणी वाचत नाही, असे दुसऱ्याचे. शेवटी मध्यम ठरली. कोणाचेच समाधान झाले नाही, म्हणजे निर्णय निःपक्षपाती होता.

तिसऱ्या दिवशी मुख्य चित्रकार कॅमेरा घेऊन स्वतः रस्त्यावर उतरले, कारण खरी प्रेरणा जुन्या पाट्यांतच असते. एका बंद दुकानावरची हाताने रंगवलेली पाटी त्यांना अशी काही गवसली की कचेरीतल्या सगळ्यांनी तिचा फोटो भिंग लावून पाहिला. खाली पायरीवर कोणीतरी बसले होते. त्याने मांडणीचा तोल जात होता, म्हणून तेवढा भाग कापला.

चौथ्या दिवशी बाई पुन्हा आल्या. भिंत पाहता पाहता त्यांनी त्या पाटीच्या फोटोच्या कडेवर बोट ठेवले. कात्रीतून सुटलेले एक कोपर तिथे राहिले होते.

"हे ठिगळ मी लावलंय," त्या म्हणाल्या. "कुठे आहे हे दुकान?"

मुख्य चित्रकारांनी मनापासून आठवून पाहिले. पाटीवरच्या कान्याची जाडी त्यांना मिलिमीटरपर्यंत आठवत होती. रस्ता आठवत नव्हता.

बाई खाली बसल्या आणि रडल्या. मला फार वाईट वाटले. मी पाणी दिले आणि खाली पडलेल्या टाचण्या गोळा केल्या.

पाचव्या दिवशी पोस्टर शहरभर लागले. भोवती भरपूर मोकळी जागा, खाली कोपऱ्यात तिकिटाएवढा चेहरा. त्याच दिवशी बाईंना अकरा फोन आले. अकराही जणांना अक्षरे कोणी काढली हे हवे होते.

आजोबा अजून सापडलेले नाहीत. तुम्ही सुजाण आहात, आमच्या कचेरीला एव्हाना मनसोक्त हसला असाल, आणि रोज रस्त्याने जाता-येताही असाल. वर्णन मी सुरुवातीलाच दिले आहे. तर आता वर न पाहता सांगा: ठिगळ कोणत्या रंगाचे होते, आणि कोणत्या कोपरावर?