आप्पांची काळी पाच

आमच्या आप्पांना कुठलाही आवाज नुसता ऐकता येत नाही. कुकरची शिट्टी झाली की म्हणतात, "पांढरी दोन." शेजारच्या जावा भांडायला लागल्या की गॅलरीत येऊन कान देतात. "धाकटी काळी चारात हाय. थोरली चढंल आता." भांडण कशावरून, हे त्यांना आजवर कळलेलं नाही.

आप्पा मूळचे वडूजचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. वाईतल्या आमच्या महिला भजनी मंडळात ते एकटेच पुरुष, कारण पेटी त्यांची. पेटीच्या पट्ट्यांवरून त्यांनी साऱ्या दुनियेला नंबर दिलेत. मंडळाचा नंबर काळी पाच. उंच पट्टी, बायकांचेही गळे ताणणारी. "मंडळाचा सूर हाय त्यो. बदलायचा न्हाई," एवढं बोलून भाता हलवायला लागायचे.

खरं तर तो सूर काकूंचा, म्हणजे आप्पांच्या बायकोचा. पुढे बसून त्याच गायच्या. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. कुजबुज तेवढी उरली. त्यांच्या जागेवर मला बसवलं. दुसरीच्या वाढलेल्या ताटावर बसल्यासारखं वाटायचं मला. त्यात हा सूर झेपत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगणार? चढ आला की मी नुसते ओठ हलवायची आणि टाळ जोरात वाजवायची. काकू मागे भिंतीला टेकून ऐकत असत. त्यांच्याकडे बघणं मी टाळायची.

अशात मॉरिशसच्या मराठी मंडळींचं बोलावणं आलं. काकू काही यायला तयार झाल्या नाहीत. आप्पांनी पेटी काकूंच्या वाकळेत गुंडाळली आणि विमानतळावर सामान उचलणाऱ्याला बजावलं, "हळू रं गड्या, बाळंतीण समज." विमानात पट्टे बांधायची घंटी वाजली. "काळी पाच," आप्पा खुशीत म्हणाले, "बग मालन, इमानबी आपल्यातलंच." मी पट्टा उगाचच आणखी आवळला.

खरी पंचाईत कार्यक्रमाच्या सकाळी झाली. वाईला आम्हा सगळ्यांत मिळून एकच माईक. इथं प्रत्येकीपुढे वेगळा. आता टाळ कितीही बडवले तरी माझी शांतता सगळ्या सभागृहाला ऐकू जाणार होती.

"आप्पा," मी म्हणाले, "मला काळी पाच येत नाही."

"कवापास्नं?"

"पहिल्यापासून."

"मग गात कोण हुतं?"

"बाकीच्या. काकूंच्या जागेवर बसून त्यांचाच सूर खाली आणा, असं कसं म्हणू मी?"

आप्पांनी खिशातून मोबाईल काढून काकूंना व्हिडिओ कॉल लावला. "आगं, ही मालन म्हनती..."

काकूंनी पुढचं ऐकलंच नाही. तीन बोटं वर केली. काळी तीन. मग फोन तोंडाशी नेऊन कुजबुजल्या, "मालन, तुझा गळा मी कवाच वळखलाय गं. यांना सांगून सांगून दमले."

मी आप्पांकडे बघितलं. ते पेटीवरची नसलेली धूळ पुसत होते.

"डाक्टर म्हनला हुता, आवाज येईलबी परत," ते म्हणाले. "आला, आन् हिथं पट्टी उतरलेली दिसली, तर तिला काय वाटंल?"

संध्याकाळी त्यांनी फोन पेटीवर टेकवून ठेवला, पडदा माझ्याकडे. त्यांचं बोट सवयीनं काळी पाचवर गेलं, थांबलं, आणि खाली तीनवर आलं. मी गायले. चढ आला तसा गळा मोकळा सोडला, टाळ बेतानं वाजवले. फोनमध्ये काकू माझ्याबरोबर ओठ हलवत होत्या. मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघत होते.

परतीच्या विमानात पुन्हा ती घंटी वाजली. आप्पांनी या वेळी नंबर दिला नाही, म्हणून मीच म्हणाले, "काळी पाच."

"व्हय," खिडकीबाहेर बघत ते म्हणाले. "आमच्या हिला लय सोपी जायची."