वाचल्या आणि मान्य आहेत

माझा रोजचा एक नेम आहे. दिवस मावळेपर्यंत खोटं बोलायचं नाही. दिवस मावळल्यावर पाहुणे येतात, म्हणून नेम तिथवरच ठेवला आहे. या नेमाचा आजवर कुणाला त्रास झाला नव्हता. परवा मात्र त्याच्यामुळे एका दवाखान्याचं कामकाज ठप्प झालं.

प्रसंग साधाच होता. सासूबाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. सकाळी पट्टी काढून डॉक्टर म्हणाले, "थेंब लगेच सुरू करा. उशीर केलात तर डोळा सुजेल, आणि मग मला पुन्हा आत शिरावं लागेल." थेंब तळमजल्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळत होते. सासूबाईंना समोरच्या बाकावर बसवून मी खिडकीशी गेले. औषधवाल्या बाईंनी बाटली काढून काचेपलीकडे ठेवली. डोळा आणि औषध यांच्यामध्ये आता फक्त एक काच, एक यंत्र आणि मी, एवढेच अडथळे उरले होते.

मी पर्समधून नोटा काढल्या. बाई अशा मागे सरकल्या, जणू मी पाल काढली.

"ताई, पाटी वाचा."

पाटीवर लिहिलं होतं, 'हा दवाखाना संपूर्णतः स्पर्शविरहित आहे. रोख रकमेस स्पर्श केला जाणार नाही.' खालचं पैसे भरायचं यंत्र येणाऱ्याजाणाऱ्याच्या बोटांनी चिकट झालं होतं.

फोन माझ्याकडे होता. धाकट्या भाऊजींनी नवा घेतल्यावर त्यांचा जुना माझ्याकडे आला. म्हातारा आहे, पण कष्टाळू आहे. कव्हर काढायचं, त्याची पाठ यंत्राला टेकवायची आणि जरा धीर धरायचा, की पैसे जातात. त्या दिवशीही पाठ टेकवली. फोन तापला, विचारात पडला, आणि पैसे जाण्याऐवजी निवेदन आलं की बँकेने अटी बदलल्या आहेत. सर्वांत खाली एक चौकोन आणि त्यापुढे, 'मी वरील सर्व अटी वाचल्या असून मला त्या मान्य आहेत.'

मी वाचायला लागले.

"काय झालं, ताई?" औषधवाल्या बाईंनी विचारलं.

"काही नाही. वाचतेय."

"काय?"

"अटी."

बाईंनी काळजीने माझ्याकडे पाहिलं. "अहो, त्या वाचायच्या नसतात. दाबायच्या असतात."

"पण इथे 'वाचल्या' असं लिहिलंय. न वाचता दाबलं तर खोटं होईल ना?"

"तोंडाने कुठे बोलायचंय? बोटाने तर दाबायचंय!"

बोटाने सांगितलेलं खोटं नेमात बसतं का, याचा मी मनापासून विचार केला. बसेना.

मला चष्मा असल्याने फोनवर अक्षरं मोठी ठेवली आहेत. पडद्यावर एका वेळी जेमतेम एक वाक्य मावतं, आणि या वाक्यांना तर शेपट्या होत्या. फोनला मध्येच डुलकी लागे. जागा झाला की तो पुन्हा पहिल्या कलमावर जाई. मागे रांग वाढत होती.

"बाई, माझ्याकडे बघा," मागचे टायवाले गृहस्थ म्हणाले, "मी रोज असलं कितीतरी दाबतो. काही झालं मला?"

"काय काय मान्य केलंत?"

"मला काय माहीत!" ते अभिमानाने म्हणाले.

"मग माझ्याऐवजी तुम्ही पैसे भरता का? मी तुम्हाला नोटा देते."

"चालणार नाही," काचेपलीकडून आवाज आला. "रुग्णासोबत नोंदवलेलाच फोन लागतो. फसवणूक होऊ नये म्हणून."

इतक्यात फोन थरथरला. 'संशयास्पद हालचाल. आपल्या खात्याचा वापरकर्ता अटी वाचत असल्याचे आढळले आहे. त्वरित संपर्क साधा.'

मी संपर्क साधला. बरंच संगीत ऐकल्यावर एक गोड आवाज म्हणाला, "मॅडम, आमच्या यंत्रणेला वाटतंय की तुम्ही यंत्र आहात. माणसं अटी वाचत नाहीत."

"मी माणूस आहे, हे कसं सिद्ध करू?"

"अगदी सोपं आहे. न वाचता 'वाचल्या' म्हणा. आमच्याकडे माणसाची तीच ओळख आहे."

"तुम्ही वाचल्यात का?"

"मॅडम, मी इथे नोकरी करते," ती दुखावून म्हणाली आणि फोन ठेवला.

बाकावरून सासूबाईंची हाक आली. "सूनबाई, डोळा चुरचुरतोय गं!"

"आलेच, आई! शेवटची दोन कलमं!"

त्यातलं पहिलं वाचलं आणि चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. मग मी रांगेकडे वळले. "अहो, ऐका. हे तुम्हीही मान्य केलेलं आहे. यात लिहिलंय की ग्राहकाच्या..."

"थांबा!" टायवाले ओरडले. "पुढे एक शब्द नको. कळलं तर उद्यापासून दाबायचं कसं आम्ही?"

रांगेने माना डोलावल्या. एका शिक्षिकेने शेजारच्या मैत्रिणीचे कान झाकले, आणि मैत्रिणीने तिचे. "स्वतः सुखाने राहत नाहीत, दुसऱ्यालाही राहू देत नाहीत," असं कुणीतरी म्हणालं. बँकेबद्दल मात्र कुणी ब्र काढला नाही.

तेवढ्यात सासूबाई भिंत चाचपडत आल्या. लाल डोळ्यातून पाण्याची धार लागली होती.

"काय अडलंय?"

"मी सगळं वाचलंय असं कबूल करायचंय, आई. अजून एक कलम राहिलंय."

"आण इकडे तो फोन."

"आई, तुम्हाला तर दिसतसुद्धा नाहीये!"

"म्हणूनच. वाचायचा प्रश्न मिटला." त्यांनी फोन ओढून घेतला. "नेम तुझा आहे, माझा नाही. भाजी छान झालीय असं मी तुला रोज सांगते, ते काय नेम धरून?" आणि अंदाजाने अंगठा टेकवला.

मी फोनची पाठ यंत्राला लावली. टिंग झालं. पडद्यावर अक्षरं आली, 'ओळख पटली. आपण माणूस आहात. आमच्या प्रामाणिक ग्राहकांत आपले स्वागत.' बाटली काचेच्या अलीकडे आली. रांगेने टाळ्या वाजवल्या. थेंब पडले आणि डोळा वाचला.

दिवस मावळल्यावर सासूबाईंनी सहज विचारलं, "काय लिहिलं होतं गं त्या कलमात?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. चांगलं अंधारलं होतं.

"काही नाही, आई. असंच, किरकोळ," मी म्हणाले.

तुम्हाला खरं हवं असेल, तर दिवसाउजेडी येऊन विचारा. मी एक शब्दही लपवणार नाही. पण अजून कुणी आलेलं नाही, आणि तुम्ही तरी कशाला याल? तुम्ही ते केव्हाच वाचलंय. तसं तुम्ही लिहूनच दिलंय.