आमचा डॉक्टर गेला

"इतिहास लिहायचा तर माणसाने तटस्थ राहायला हवं!" मिस्त्रीने गालावर दाढीचा फेस असतानाच बायकोला सुनावलं. "भावनेला थारा नाही! आणि हा इतिहास माझ्याइतका तटस्थपणे लिहील असा दुसरा माणूस पृथ्वीवर नाही!"

"पृथ्वीवर तुम्ही तिघंच होतात," बायको म्हणाली. "एक बोलत नाही, दुसऱ्याला लिहायचा कंटाळा. मग उरलं कोण?"

आधी एक खुलासा करायला हवा. मिस्त्री हा मिस्त्री नव्हता. तो विमा कंपनीत दावे तपासायचा आणि भिंतीत खिळा ठोकायची वेळ आली की बायकोला हाक मारायचा. मिस्त्री हे त्याचं खेळातलं काम. कॉम्प्युटरवरच्या एका बंदुकांच्या खेळावर हात फिरवून तिघा मित्रांनी वीस वर्षांपूर्वी स्वतःचा वेगळा खेळ उभा केला होता. याला मॉड म्हणतात. म्हणजे घर दुसऱ्याचं, पण मधल्या भिंती पाडून, खिडक्या हलवून आपण सुखाने राहायला जायचं! इथे दोन्ही बाजूंना बारा-बारा माणसं, आणि आत शिरताना प्रत्येकाने आपला क्लास निवडायचा. तोफवाल्याने मारायचं, मिस्त्रीने भिंती बांधायच्या, हेराने वेष पालटून मागून सुरी खुपसायची आणि डॉक्टरने पडलेल्याला इंजेक्शन देऊन उभं करायचं. "आमचे नऊ क्लास आहेत," असं मिस्त्री लग्नाच्या बोलणीत म्हणून गेला होता. पुढचं वर्षभर सासरे सगळ्यांना सांगत होते, की जावई नोकरी सांभाळून शिकवणीचे नऊ क्लास चालवतो!

तिघांची खरी नावं मागे पडली आणि खेळातली कामं चिकटली, तीही नेमकी उलटी. डॉक्टरचं फरश्यांचं दुकान होतं आणि रक्त दिसलं की त्याला चक्कर यायची. हेर सलून चालवायचा, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे.

भांडण झालं ते मिस्त्री आणि डॉक्टरचं, बारा वर्षांपूर्वी. डॉक्टरच्या इंजेक्शनात पंचवीस गुण ताकद होती. मेलेला माणूस तीन सेकंदांत उठतो, मग लढायचं कशाला, असं म्हणत मिस्त्रीने एका दुपारी कुणालाही न विचारता पंचवीसचे पंधरा केले. डॉक्टर म्हणाला, "परत पंचवीस कर." मिस्त्री म्हणाला, "खेळ काय तुझ्या एकट्याचा आहे?" झालं! एवढ्या एका वाक्यावर बारा वर्षांचा अबोला.

हसू नका. माणसं बांधाच्या वीतभर जागेसाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडतात, इथे तर चांगले दहा गुण होते!

त्या बारा वर्षांत मिस्त्रीने फोन कितीदा हातात घेतला आणि कितीदा खाली ठेवला, हे त्याची बायकोच जाणे. इतिहास लिहायला घेतला तोही त्यासाठीच. इंटरनेटवर खेळाच्या जुन्या पानावर आपण लिहायचं, डॉक्टर ते वाचणार, त्याला सगळं कळणार. भांडणाच्या भागापर्यंत आल्यावर मिस्त्रीने एक अख्खं पान लिहिलं. माझं चुकलं, तुझी फार आठवण येते, वगैरे. मग वाचून पाहिलं, कान लाल झाले, तटस्थपणा आठवला आणि त्याने ते पान पुसून टाकलं. त्या जागी दोनच वाक्यं ठेवली:

'तिसऱ्या आवृत्तीनंतर आमचा डॉक्टर गेला. त्याची जागा पुढे कुणालाच भरता आली नाही.'

"वा!" मिस्त्री स्वतःशीच म्हणाला. "याला म्हणतात मोजकं लिखाण!"

तिसऱ्या दिवशी भर दुपारी हेर त्याच्या कचेरीत थडकला. अंगावर सलूनचा एप्रन, एप्रनवर कुणाचे तरी केस, आणि डोळे लाल.

"लेका, मला कळवलंही नाहीस!"

"काय?"

"डॉक्टर गेला ते!"

"त्यात काय कळवायचं? बारा वर्षं झाली की!"

हेर मटकन खुर्चीत बसला. "बारा वर्षं! आणि मी त्याला दर वाढदिवसाला शुभेच्छा पाठवतोय!" मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आणि तो दर वेळी 'आभारी आहे' म्हणतोय!"

मिस्त्रीच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. पडला तेव्हा त्याने आधी उठून केबिनचं दार लावून घेतलं.

"अरे गाढवा! गेला म्हणजे सोडून गेला! आपल्यातून गेला!"

"आपल्यातून गेला म्हणजे तेच ना!"

"तो धडधाकट आहे! फरश्या विकतोय!"

"अरे बाप रे!" हेर उठून उभा राहिला. "मग सकाळी फोन उचलला तो..."

"तू फोन केलास?"

"दुकानात केला. आवाज अगदी त्याच्यासारखा! मला वाटलं, भाऊच असणार. मी म्हटलं, फार वाईट झालं हो, तुमचा भाऊ गेला. तर तो ओरडलाच, 'अरे देवा! मोठा की धाकटा?'"

"मग तू काय म्हणालास?"

"मला रडू आलं. मी फोन ठेवला."

म्हणजे तिकडे डॉक्टर दोन्ही भावांच्या घरी फोन लावत सुटला असणार! मिस्त्रीने कपाळावर हात मारून घेतला आणि घाईघाईने खेळाचं पान उघडलं. इतिहासाखाली चारशे सोळा निरोप! खुलासा करायचा म्हणून त्याने टाइप करायला सुरुवातही केली. पण आधी म्हटलं, एक निरोप वाचू.

'मी तीनदा नापास झालो होतो. घरात कुणी बोलत नव्हतं. पण इथे मी पडलो की कुणीतरी अनोळखी माणूस गोळ्या चुकवत माझ्यासाठी धावत यायचा. हे ज्याने सुचवलं, त्याला शेवटपर्यंत विसरणार नाही.'

मग दुसरा. 'मी आज खरी नर्स आहे. सुरुवात तुमच्या डॉक्टरपासून झाली. फक्त आम्ही इंजेक्शन असं पळता पळता खुपसत नाही.'

मिस्त्री वाचतच राहिला. डोळे पुसत वाचत राहिला. खेळायला जमायच्या ज्या जागेवर, म्हणजे सर्व्हरवर, वर्षभर जेमतेम तीन माणसं असायची, त्यातला एक तो स्वतः, तो सर्व्हर काठोकाठ भरला होता आणि बाहेर दोनशे जण आत शिरायला ताटकळत होते. आज एक दिवस राहू दे, मिस्त्रीने ठरवलं, उद्या खुलासा करू. दुसऱ्या दिवशीही त्याने हेच ठरवलं. चूक होती, हे त्यालाही कळत होतं. पण आपल्या तिघांच्या त्या पोरखेळाने एवढ्या लोकांना काही दिलंय, हे वीस वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं!

रविवारी सकाळी दहा वाजता दारावरची बेल वाजली. बायकोने दार उघडलं, पाहिलं, आणि तशीच आत आली. लग्न भांडणानंतर झालेलं, त्यामुळे डॉक्टरला तिने फक्त फोटोत पाहिलं होतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुमचे ते गेलेले आलेत!"

डॉक्टर दारात उभा होता. केस विरळ झाले होते, पोट पुढे आलं होतं, रागाने नाकपुड्या फुलल्या होत्या.

"मी कधी गेलो रे?" तो गरजला. "दोन्ही भाऊ घाबरून दुकानात धावत आले! फरश्यांच्या कंपनीने दुकान बंद होणार का म्हणून विचारलं! सासूबाई रडत होत्या, हे तर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं!"

"अरे, मला म्हणायचं होतं..."

"काय म्हणायचं होतं?"

मिस्त्री खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून बसायला जागा करू लागला. तटस्थपणा पुन्हा आडवा आला होता.

"एक अख्खं पान लिहिलं होतं त्यांनी," बायको म्हणाली. "मी मागे उभी राहून वाचलं. मग त्यांनी पुसून टाकलं. भावजी, तुम्ही बसा, पाणी आणते."

डॉक्टर बसला. "काय होतं त्या पानात?"

आता सुटका नव्हती. "माझं चुकलं, असं होतं," मिस्त्री खाली बघत म्हणाला. "खेळ आपला होता, पण त्यात जीव तुझ्या डॉक्टरमुळे होता. बाकी आठही क्लास कुणालाही सुचले असते. पडलेल्याला उचलायला धावायचं, हे तुलाच सुचलं. तू होतास म्हणून हे सगळं झालं. बारा वर्षं हे सांगायचं होतं, जमलं नाही."

मिस्त्रीने कॉम्प्युटर त्याच्यासमोर सरकवला. डॉक्टरने एक निरोप वाचला, दहा वाचले. नर्सचा दोनदा वाचला आणि चष्मा काढून पुसला. अर्ध्या तासाने त्याने मान वर केली.

"ऐक. मला बुधवारपर्यंत मेलेलाच राहू दे. माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं रे!"

पण बायकोने साफ नकार दिला. मग मिस्त्रीने आत एक जागा रिकामी करून दिली, डॉक्टरने मायक्रोफोन पुढे ओढला आणि बारा वर्षांनी तो खेळात शिरला. आत चोवीस जागा, आणि श्रद्धांजली म्हणून दोन्ही बाजूंचे झाडून सगळे डॉक्टर झाले होते! लढाई बंद. सगळे मैदानात गोल करून उभे.

"मंडळी," तो घसा साफ करत म्हणाला, "मी जिवंत आहे. फक्त रुसून गेलो होतो."

मग एकाने विचारलं, "मग आम्ही रडलो त्याचं काय?" दुसरा ओरडला, "धरा त्याला!" पण मारणार कशाने? सगळ्यांकडे फक्त इंजेक्शनं! तेवीसच्या तेवीस डॉक्टर त्याच्या मागे धावले आणि चारी बाजूंनी त्याला इंजेक्शनं टोचू लागले. तो पळतोय, ते टोचताहेत, त्याची तब्येत वाढतेच आहे! इकडे खुर्चीत तो पोट धरून हसत होता आणि हसता हसता रडत होता. मिस्त्रीचंही तेच चाललं होतं.

दुपारी इंजेक्शनाचे पुन्हा पंचवीस गुण झाले. ते काम डॉक्टरने स्वतःच्या हाताने केलं. संध्याकाळी तो चहा घेत निरोपांवरून नजर फिरवत होता, तेव्हा मिस्त्रीने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझ्याबद्दलही काही लिहिलंय का कुणी?"

डॉक्टरने वरपासून खालपर्यंत शोधलं. सातशे निरोपांत एक सापडला.

"आहे की! वाचू?"

मिस्त्री सावरून बसला, बायकोलाही त्याने बोलावून घेतलं.

डॉक्टरने चष्मा नीट केला आणि वाचलं, "'या सगळ्यांत मिस्त्री म्हणून एक होता. तो गेला असेल, तर त्याच्या आत्म्याला शांती लाभो. आणि जिवंत असेल, तर त्याला विचारा, त्याने खेळात बांधलेल्या किल्ल्यात दुसऱ्या मजल्यावर चढायला जिना करायचा कसा काय राहिला?'"