शकीलभाईंचा नकाशा

शकीलभाईंना कुणी ‘छान’ म्हटलं की ते आधी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतात. मग आवाज बारीक करून विचारतात, “ह्यानं काहून तारीफ केली असन, सर?”

रिसोडात पंख्या-मोटारींचं वाइंडिंग करणारा हा माणूस, पण गिऱ्हाइकाची मोटार बाजूला सारून कॉम्प्युटरवर राज्यं वसवत बसतो. किल्ले, जादूगार, ड्रॅगन, सोन्याच्या खाणी असा एक लढाईचा खेळ आहे. त्यात आपला स्वतःचा नकाशा बनवता येतो. शकीलभाईंनी तो बनवला आणि नेटवर टाकून दिला. आता कुठकुठचे लोक तो खेळतात आणि खाली इंग्रजीत अभिप्राय लिहितात. मी शेजारी राहतो आणि शाळेत इंग्रजी शिकवतो, त्यामुळे ते वाचून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

सांगूनही विश्वास नाहीच. “एवढं लंबं लिवलं त्यानं, अन् तुमी दोन वाक्यात उरकलं. बाकीचं काहून लपवून राह्यले?”

एकाने लिहिलं, नकाशा सुंदर आहे. “खेळलाच नसन.” दुसऱ्याने लिहिलं, ड्रॅगन फार ताकदवान आहेत. “खेळला, पण हारला.” एकाने नुसतं हसरं तोंड पाठवलं, तर त्या तोंडाकडे हे संध्याकाळभर डोळे बारीक करून बघत होते.

एक तक्रार मात्र रास्त होती. प्रत्येक राज्याच्या हद्दीला लागून शकीलभाईंनी एक रस्ता मोकळा सोडलाय आणि शत्रू त्यावरून थेट किल्ल्याच्या दारात येतो. तो बंद करा, असं त्या खेळाडूचं म्हणणं.

“पांदन बंद करा म्हंते! मंग मांगच्यानं वावरात जावं कसं?”

“शकीलभाई, मागे वावर नाही. तिथे ड्रॅगन राहतो.”

“मंग त्याले रस्ता नाई लागत?”

या सगळ्या संशयाचं मूळ मानोरा गावात आहे. तिथे त्यांचा धाकटा भाऊ रफिक राहतो. पूर्वी दोघांचं दुकान एक होतं, कॉम्प्युटरही एकच. एकाची चाल चालू असली की दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून बसायचं, असा हाच खेळ रंगायचा. पुढे दुकानाच्या नव्या पाटीवर कुणाचं नाव आधी, यावरून वाजलं. रफिक आपलं सामान उचलून मानोऱ्याला गेला तो गेलाच. फोन हे करत नाहीत आणि तोही करत नाही. पण नकाशा तो खेळणारच, खोट्या नावाने खेळणार, अशी यांची पक्की खात्री.

“चोर हाये तो. कवातरी सापडनच मले.”

म्हणून प्रत्येक अभिप्रायात ते रफिकला हुडकतात. एका पोलंडवाल्याचा तर त्यांनी फार दिवस पिच्छा पुरवला. तो खरंच पोलंडचा निघाला तेव्हा शकीलभाईंनी त्या दिवशी शटर वर ओढलंच नाही.

परवा बऱ्याच जणांनी मिळून एकच ओरड केली. लाल राज्याला सगळं आयतं आहे, खाणी दाराशी आणि ड्रॅगन लांब. ज्याला लाल मिळतं तोच जिंकतो. हा उघड पक्षपात आहे, दुरुस्त करा, नाहीतर आम्ही खेळणार नाही.

मी वाचून दाखवलं. कुणी लिहिलं, काहून लिहिलं, शकीलभाईंनी काही विचारलं नाही. आता मलाच संशय आला.

“चुकून झालं का हो?”

“नाई.”

“मग सारखं करून टाका. लोक सोडून जातील ना.”

“जाऊ द्या.”

ते तांब्याची तार बोटाला गुंडाळत राहिले. उगाच बोललो असं वाटलं.

“लाल रफिक घेते, सर. लहानपनापासून,” ते म्हणाले. “अन् हारला तं जेवत नाई तो. तिथं एकटा राह्यते. त्याले ‘जेव’ म्हनायले कोन हाये?”