येतो म्हणावं

आमच्या मयूर विहारच्या सोसायटीच्या फाटकापाशी भाजीची गाडी लागते. त्या भाजीवाल्याने एकदा कोथिंबिरीची एक जुडी दिवसभर पाणी मारून निमकर सरांसाठी राखून ठेवली. झालं होतं एवढंच, की सकाळी सरांनी जुडी हातात घेतली, वास घेतला, परत ठेवली आणि निघताना हसून म्हणाले, "अच्छा, आता हूँ." संध्याकाळी सर दिसताच त्याने जुडी पुढे केली.

"सरजी, आप तो आ रहे थे!"

"मैं कहाँ आ रहा था? मैं तो जा रहा था."

"तो 'आता हूँ' क्यों बोला?"

"तो क्या 'जाता हूँ' बोलूँ?" सर इतके दचकले, की भाजीवालाच ओशाळला.

जुडी सरांनी मुकाट्याने घेतली. पण तेव्हापासून तो भाजीवाला त्यांना रोज विचारतो, "सरजी, ये आनेवाला आता है या जानेवाला आता?"

निमकर सर माझ्याच सोसायटीत राहतात आणि माझ्याच शाळेत शिकवतात. ते मराठी, मी विज्ञान. एकटेच असतात, लग्न केलं नाही, का केलं नाही हे विचारायची सोय त्यांनी ठेवली नाही. त्यांच्यासमोर कुणी 'जातो' म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. एकदा माझा नवरा जिन्यात त्यांना "चला सर, जातो" म्हणाला. सरांनी त्याला खालच्या मजल्यावरून परत वर बोलावलं, "येतो म्हणावं" असं सांगून 'येतो' वदवून घेतलं आणि मग ऑफिसला सोडलं. नवऱ्याची मेट्रो चुकली. तो आजही सरांचा दरवाजा उघडा दिसला की चपला हातात घेऊन उतरतो.

दरवाजा उघडा दिसतोच, कारण दुसरा नियम दाराचा. "दार ओढून घ्यावं, लावू नये." दिल्लीच्या जानेवारीत वर्गातली पोरं काकडत असतात, पण सरांच्या तासाला दाराला फट असतेच. दर वर्षी ते मुलांना पानिपतला काला अंबला घेऊन जातात. परत निघताना त्या स्मारकापुढे हात जोडून म्हणतात, "येतो." मुलं खिदळतात. "सर, किससे बोल रहे हो?" मीही एकदा हसले होते. तेव्हा ते मला म्हणाले, "बाई, ही माणसंसुद्धा घरून निघताना 'येतो' म्हणूनच निघाली असतील ना." मला पुढे हसता आलं नाही.

अशा माणसाला ऑनलाइन शिकवायला लावण्याचं काम माझ्या नशिबी आलं.

दिल्लीत हिवाळा तोंडावर आला की हवा बिघडते, सरकारचा हुकूम निघतो आणि शाळा एका दिवसात पडद्यावर जाते. म्हणून आमच्या प्रिन्सिपल मॅडमनी या वर्षी एक पोर्टल आणलं. तास, गृहपाठ, परीक्षा, सगळं त्यातच. मी एकदा स्टाफरूममधला प्रिंटर सुरू करून दाखवला होता, त्या पुण्याईवर मला 'ऑनलाइन इन्चार्ज' केलं.

सरांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "पडद्यामागून बोलायला मी काय बाहुल्या नाचवतो?" तरी शिकायला बसले. उभ्याने शिकवायची सवय असल्यामुळे सरावाच्या तासांना कॅमेऱ्यात त्यांचं फक्त पोट यायचं. मुलांना सरांच्या शर्टाची तिसरी गुंडी पाठ झाली. पासवर्ड रोज विसरायचे. फाइल पाठवायला सांगितली की दिव्याला नमस्कार करावा तसे हात जोडून बटण दाबायचे. एकच गोष्ट त्यांनी पहिल्या फटक्यात उचलली: शाळेबाहेरच्या पाहुण्याला वर्गात बोलवायची लिंक कशी काढायची, ती. मला नवल वाटलं, पण बुडत्याला काडी मिळाली म्हणून मी खूश झाले.

त्यातून कहर म्हणजे, शाळा नेहमीसारखी भरलेली असतानाही हा माणूस लॅपटॉप वर्गात नेऊन टेबलावर उघडा ठेवायचा. मी सांगितलं, "सर, मुलं समोर बसली आहेत. बंद करा तो."

"असू द्या हो बाई. दार ओढून घ्यावं..."

मी कपाळाला हात लावला. मला वाटलं, यांना अजून काही उमजलेलंच नाही.

आणि मग दिवाळीनंतर लगेच प्रिन्सिपल मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मिसेस सबनीस, साफ बात है. नाइन्थ में मराठी के बच्चे वैसे ही कम हैं. अध्यक्ष साहब एक क्लास देखेंगे. निमकर सर से पोर्टल नहीं चला, तो मराठी के रेकॉर्डेड लेसन लगा देंगे. सर लायब्ररी देख लेंगे."

लायब्ररी! ज्या माणसाला शब्द ऐकल्याशिवाय करमत नाही, त्याला 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसवायचं. सरांना सांगितलं, तर ते नुसते "बरं" म्हणाले आणि डबा न खाताच परत पिशवीत ठेवला.

शाळेचे अध्यक्ष निवृत्त सरकारी अधिकारी आणि मराठी. त्यांना खूश करायला मॅडमना एक कल्पना सुचली. पोर्टलची बटणं हव्या त्या भाषेत करता यायची. "मराठी क्लास के बटन मराठी में!" काम अर्थात सरांकडे आलं आणि या एका कामात ते रंगले. 'म्यूट'ला 'मौन' लिहिलं. 'पासवर्ड'ला 'परवलीचा शब्द'. काही बिघडलं की जो संदेश येतो, तिथे लिहिलं, 'काहीतरी चुकलं आहे. तुमचं नसेल.' आणि वर्ग सोडून जायच्या बटणावर 'लीव्ह' असायचं, तिथे, तुम्ही ओळखलंच असेल, 'येतो / येते' लिहिलं. मी वाचलं, हसले आणि चढवून दिलं. माझ्या मराठी डोक्याला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी हवेचा हुकूम निघाला. मुलं घरी, शिक्षक शाळेत. सकाळी मेट्रोतून उतरले, तर समोरच्या इमारती धुरक्यात बुडालेल्या. डोळे चुरचुरत होते.

सर नववीच्या रिकाम्या वर्गात लॅपटॉपपुढे बसले. मी बजावलं होतं, बसूनच बोलायचं. अध्यक्ष, मॅडम आणि मी खालच्या केबिनमध्ये मोठ्या पडद्यासमोर. मराठीचा तास शेवटचा. एकेक चौकोन उजळत गेला. फोटोला बसवल्यासारखे भांग पाडलेले मुलगे, मागे कुणाच्या तरी आईचा स्वयंपाकघरातला आवाज. एका चौकोनात मात्र चेहरा नव्हता. नाव होतं, 'पाहुणी'. मला वाटलं, कुणाची तरी ताई असेल.

सर छान बोलत होते. पोट नाही, चक्क चेहरा दिसत होता. अध्यक्षांनी मान डोलावली. मी श्वास सोडला. आणि सर म्हणाले, "चला, आता हे वाक्य फळ्यावर लिहायला कोण येतं?"

पडद्यावर लिहायचा फळा होता, तो वापरून दाखवा असं मीच सांगितलं होतं. मुलांनी सगळीकडे बघितलं. खाली ठसठशीत बटण होतं.

"सर, मी! मी येतो!" अथर्वने बटण दाबलं आणि चौकोनासकट नाहीसा झाला.

"शाबास. ये. अरे, ये ना... बरं, दुसरं कोण?"

"मी येते सर!" सलोनी गेली.

"येतो सर!" "मी पण येतो!" पटापट दिवे विझत गेले. दिल्लीच्या हिंदीत वाढणारी ती पोरं. तास संपताना 'येतो सर' असा गजर करायची, पण तो 'थँक्यू'सारखा, अर्थाशी देणंघेणं नाही. बटणावर 'येतो' म्हणजे त्यांच्या लेखी 'आता हूँ', आणि सर तर "या, या" म्हणून बोलावत होते. मी सरांना फोन लावला. तो त्यांच्या पिशवीत, मौन धरून. बाहेर पडलेल्यांना परत येता येईना, कारण पहिल्यांदा लिंकने थेट आत घेणारं पोर्टल आता दारावर 'परवलीचा शब्द' मागत होतं आणि तो कशाशी खातात, हे एकालाही ठाऊक नव्हतं.

"ये हो क्या रहा है?" मॅडम उभ्या राहिल्या. माझ्या डोळ्यांसमोर लायब्ररीची पाटी आली.

सर पडद्याकडे वाकून बघत होते. "अरे, कुठे गेलात सगळे?" त्या आवाजात मास्तर नव्हता, गर्दीत पोर हरवलेल्या माणसाचा तो आवाज होता. मला बघवेना.

तेवढ्यात 'पाहुणी'च्या चौकोनातून आवाज आला. "सर, ते येतो म्हणून गेले."

"काय?"

"बटणावर येतो लिहिलंय ना. त्यांना वाटलं फळ्यावर येतो. सर, तुमचं येतो म्हणजे जाणं असतं. त्यांना नाही कळलं ते."

कॅमेरा लागला. दोन वेण्या, मागे बांबूची भिंत. मॅडम माझ्याकडे वळल्या. "ये कौन है? ये हमारी स्टूडंट नहीं है!"

अध्यक्षांनी माइक ओढून घेतला. "बाळ, नाव काय तुझं?"

मुलगी बावरली. "शाहीन मुलाणी. मागच्या वर्षी आठवीत होते, इथेच. लक्ष्मीबाई नगरला राहायचो. मग बाबांची आसामात जोरहाटला बदली झाली. इकडे मराठी नाही. शाळा लवकर सुटते, म्हणून सरांच्या तासाला येते. रोज." मग सर अडचणीत येतील असं वाटलं असावं, घाईघाईने म्हणाली, "सरांची चूक नाही. शेवटच्या दिवशी मीच म्हणाले होते, सर, येते. सर म्हणाले, म्हणालीस तर यायचं."

म्हणजे तो टेबलावरचा उघडा लॅपटॉप. ती एकच शिकलेली लिंक. मला स्वतःचा राग आला आणि रडूही आलं.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मॅडम, नववीच्या मुलांना 'येतो'चा अर्थ कळत नाही, हे आज कळलं. रेकॉर्डिंगला कळलं असतं? मराठी को सर चाहिए. वर्ग निमकरांकडेच राहील."

मॅडमनी मान हलवली, पण त्या काही चुकीचं बोलल्या नाहीत: "सर, ठीक है. लेकिन ये बच्ची रोल पर नहीं है. सेफ्टी का सवाल है. मिसेस सबनीस, वो लिंक आज ही हटाइए."

मी जिना चढून वर्गात गेले. दाराला फट होतीच. सर अजून लॅपटॉपपुढे, आणि पडद्यावर एकटी शाहीन. मी दोघांनाही सांगितलं, वर्ग राहिला. सरांना तेवढ्याने बरं वाटायला हवं होतं. मग पुढचं सांगितलं.

सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. पडद्यावर लिहायचं असतानाही खडू घेतला होता त्यांनी.

"बाई, या दिल्लीत राहतं कोण हो?" ते हळूच म्हणाले. "सगळे बदलीवर आलेले. पोरांना जरा जोडाक्षरं यायला लागली, की बापाची ऑर्डर येते. जाताना माझ्या पाया पडून म्हणतात, येतो सर. इतकी वर्षं म्हणतात. मी दार ओढून ठेवतो. एकही आलं नाही. ही पहिली. आणि तीही तुमच्या या डबड्यातून."

शाहीनने ऐकलं होतं सगळं. तिने ओढणीने नाक पुसलं. "सर... मग मी जाते?"

"काय म्हणालीस?"

सरांचा तो आवाज आमच्या अख्ख्या मजल्याला माहीत आहे. ती दचकली, मग डोळ्यांत पाणी असताना हसली.

"येते, सर."

"हां."

तिने बटण दाबलं. सरांनी लॅपटॉप मिटला नाही, झाकण नुसतं अर्धवट खाली ओढलं.

दुसऱ्या दिवशी बटण बदललं. मुलांचा घोटाळा नको म्हणून सरांनी तिथे 'पुन्हा येतो / येते' लिहून दिलं. मॅडम अधूनमधून विचारतात, "मिसेस सबनीस, वो गेस्टवाला लिंक हटा दिया?"

"बस मॅडम, करती हूँ," मी म्हणते आणि निघते. माझ्या या 'करती हूँ'चा अर्थ आमच्या भाजीवाल्याला विचारा, तो बरोबर सांगेल.