निगेटिव्ह बसाण्णा

आमच्या गल्लीत बसाण्णांना सगळे ‘निगेटिव्ह’ म्हणत, आणि बसाण्णांना त्याचा अभिमान होता. कुणाकडे नवा पाहुणा आला की स्वतःच जाऊन सांगायचे, "आपलं रक्त निगेटिव्ह हाय पावणं. इतकी वर्षं झाली, एक गुठळी न्हाय." पाहुणा हातातला चहा खाली ठेवायचा.

मंगळवार पेठेत आमच्या घरासमोर त्यांची रक्त तपासायची लॅब होती. लॅब म्हणजे एक खोली, मायक्रोस्कोप, रक्त फिरवायचं यंत्र आणि एक काळी काच. नव्वदीतली गोष्ट. अंगात कुठं सूज आहे का, पू धरलाय का, हे कळायला डॉक्टर सीआरपी करून आणायला सांगत. शरीरात कुठंही आग लागली की यकृत हे प्रथिन रक्तात सोडतं. काळ्या काचेवर रक्तातलं पिवळं पाणी थेंबभर ठेवायचं, त्यावर औषधाचा थेंब टाकायचा आणि दोन मिनिटं काच हलवायची. दुधासारखं राहिलं तर निगेटिव्ह, म्हणजे सुटलो. नासल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या तर पॉझिटिव्ह. "माणूस लपवतंय, रक्त चुगली करतंय," असं बसाण्णा म्हणायचे.

शेजारी तुलनेला एक निरोगी थेंब लागतो. त्याची कुपी औषधाच्या डब्यातच येते, पण बसाण्णा ती उघडत नसत. "घरात म्हस असताना दूध इकत आणतंय का कोण?" असं म्हणून रोज सकाळी स्वतःचंच रक्त काढायचे आणि दिवसभर प्रत्येक रोग्याशेजारी आपला थेंब मांडायचे.

दोन मिनिटं मोजायला घड्याळ नाही. काच हलवताना हुपरीच्या गाडीचे थांबे पुटपुटायचे. "उचगाव... उतरा. गडमुडशिंगी... पिशवी घ्या बाई. वसगडे... पट्टणकोडोली..." हुपरी आली की काच खाली. समोर रोग्याचा जीव टांगणीला, आणि हे पॅसेंजर उतरवतायत! मला भयंकर राग यायचा.

एकदा गडमुडशिंगीचा एक शेतकरी म्हशीचं रक्त बाटलीत घेऊन आला. बसाण्णा त्याच्यावर खेकसले, "म्हशीची चुगली करणारं प्रथिन निराळं असतंय. ह्या औषधानं काय कळणार, डोंबल?" पण त्याला घालवलं नाही. रक्तावरचं पाणी नळीत घेऊन गरम पाण्यात धरलं. पांढरा गाळ जरा जास्तच जमला. "आत सूज हाय. डॉक्टरला बोलीव," म्हणाले. म्हशीच्या पोटातून वीतभर तार निघाली. त्यानंतर महिनाभर हे सायकलवरून म्हशीच्या तब्येतीची चौकशी करायला जात होते.

मग एका चैत्रात आमच्या मंजूला ताप भरला. सहा वर्षांची पोर, पाय जमिनीला टेकवेना. डॉक्टरांनी खुबा दाबून पाहिला आणि म्हणाले, "सीआरपी निगेटिव्ह आली तर घरी झोपवा. पॉझिटिव्ह आली तर आत पू आहे. आजच उघडावं लागेल, नाहीतर खुबा जाईल."

मंजूला खांद्यावर टाकून मी लॅबमध्ये शिरलो. बसाण्णा लोकरीचे मोजे घालून बसले होते. एवढ्या उन्हात! एरवी मी चेष्टा केली असती.

"ये गं यव्वा," म्हणत त्यांनी अलगद रक्त काढलं. ते साकळलं, यंत्रात फिरलं. काचेवर दोन थेंब मांडले, एक मंजूचा, एक त्यांचा. काच हलू लागली. उचगाव. गडमुडशिंगी. वसगडेला मंजूच्या थेंबात गुठळ्या दिसल्या. पण पट्टणकोडोलीला बसाण्णा थांबले. त्यांच्याही थेंबात गुठळ्या होत्या.

"औषध नासलंय!" मी ओरडलोच. मला इतका आनंद झाला, की आज सांगायची लाज वाटते.

बसाण्णा काचेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "औषधाला नावं ठिवू नगा मास्तर. हात करा फुडं."

माझं रक्त घेतलं. ती वीस मिनिटं कशी गेली ते माझं मला माहीत. मंजू माझ्या मांडीवर कण्हत होती. मी मनातल्या मनात म्हणत होतो, गुठळ्या होऊ देत, माझ्याही होऊ देत. माझा थेंब दुधासारखा स्वच्छ राहिला.

"औषध चांगलं हाय," बसाण्णा म्हणाले. "पोरीला उचला. रिक्षा मी बोलीवतो."

तासाभरात मंजूच्या खुब्यातला पू काढला. खुबा वाचला. चौथ्या दिवशी पुन्हा तपासायला तिचं रक्त घेऊन मी लॅबमध्ये गेलो. गुठळ्या आता बारीक होत्या. "उतरतंय," बसाण्णा म्हणाले. मला हायसं वाटलं. शेजारचा थेंबही स्वच्छ होता. आणि मग मला टेबलावर ती कंपनीची कुपी दिसली. फोडलेली.

"घरचं रक्त कुठं गेलं?" मी विचारलं.

"कुपी पडून ऱ्हाती, वापराय नगं व्हय?"

चार दिवसांपूर्वीचे दोन नासलेले थेंब तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरले. दुसरा थेंब कुणाचा होता हा साधा प्रश्न मला पडला नव्हता. मी खाली बसून त्यांचा मोजा ओढला. टाचेला जखम होती, बोटं काळी पडायला लागली होती, पाय तव्यासारखा तापला होता. औषध नासलंय म्हटलं असतं, तर त्यांचंही बिंग झाकलं गेलं असतं.

"कुणाला का नाही सांगितलंत?"

"सांगायचं कुणाला? खोलीत मी आन् मशिन."

त्यांना मंजूच्याच दवाखान्यात भरती केलं. दोन बोटं जातील, पाय वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. जवळचं माणूस बोलवा म्हणाले. बसाण्णांनी लेकीचा पत्ता सांगितला. हुपरीचा.

मी तिथं पोचलो तेव्हा त्यांची लेक महादेवी अंगणात पैंजणाच्या कड्या जोडत बसली होती. मी सांगितलं तर तिला खरंच वाटेना. "ऐतवारी फोन आलता की अप्पांचा. म्हणाले, निगेटिव्ह हाय, काळजी करू नगंस. दर ऐतवारी हेच सांगत्यात. लगीन झाल्यापास्नं दोनदाच आलेत हितं. लॅब सोडवत न्हाय म्हणं."

पदराला हात पुसत ती तशीच उठली. गाडीत पदराचं टोक पिळत बसली होती. "अजून किती थांबं हाईत?" ओळखीची वाट विसरल्यासारखं तिनं विचारलं.

मी त्या वाटेनं पहिल्यांदाच आलो होतो, पण थांबे मला पाठ होते. पट्टणकोडोली, वसगडे, गडमुडशिंगी, उचगाव. म्हातारा हातात काळी काच घेऊन रोज लेकीच्या दारापर्यंत जाऊन येत होता, आणि मी समोर बसून चिडत होतो. मी चार बोटं वर केली.